अफूचं बिल सरकारच्या नावावर कसं फाटलं

२९ ऑगस्ट १८४२ ला चीनने इंग्रजांपुढे हात टेकले, नानजिंगचा तह झाला, हाँगकाँग गेलं. शाळेच्या पुस्तकात हे एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. पण सह्या ज्या जहाजावर झाल्या ते 'कॉर्नवॉलिस' आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८१३ साली, वाडियांनी, सागवानी लाकडात. आणि ज्या मालावरून एवढं रामायण झालं त्या अफूतला मोठा हिस्सा माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेला आणि मुंबईच्या बंदरातून गेलेला. एवढं जवळचं प्रकरण असून आपल्याकडे त्यावर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून म्हटलं आज हेच घेऊ.

म्हणजे विषय अफू नाहीये, विषय आहे धंदेवाल्यांचं हित देशाच्या परराष्ट्र धोरणात कसं शिरतं. यावर गप्पा निघाल्या की दोनच टाईपची माणसं भेटतात. एक म्हणतो, अरे सगळं कंपन्याच चालवतात, मंत्री नुसते सह्याजीराव. दुसरा म्हणतो, छे, देशहित वगैरे काही असतं की नाही, सरकार काय दुकानदारांच्या सांगण्यावरून युद्ध करतं का. मला दोघांचंही पटत नाही. कारण खरी गंमत मधल्या पायरीवर होते, जिथे एखाद्या व्यापाऱ्याचं खासगी नुकसान हळूच सरकारच्या वहीत चढतं. एकदा बिल सरकारच्या नावावर फाटलं की पुढे व्यापाऱ्याला काही करावंच लागत नाही, सरकार स्वतःच्या पैशासाठी धावतं. ही पायरी सगळ्यात स्वच्छ दिसते ती अफूच्या युद्धात, म्हणून तेच जरा बैजवार बघू.

आधी धंदा काय होता ते समजून घ्या. इंग्रजांना चहाचं वेड लागलेलं, आणि चहा तेव्हा फक्त चीनकडे. चीनला इंग्रजांच्या लोकरी कापडात वगैरे काडीचा इंटरेस्ट नव्हता, त्यांना पाहिजे चांदी. म्हणजे दरवर्षी जहाजं भरभरून चांदी चीनच्या कँटन बंदराला जायची आणि चहा यायचा. बरं, चहा बंद करावा तर तेही परवडणारं नाही, कारण चहावरच्या जकातीतून ब्रिटिश सरकारच्या तिजोरीत जवळपास दहावा हिस्सा महसूल पडत होता. मग चांदीऐवजी द्यायला काय, तर अफू.

बिहार आणि बनारसच्या पट्ट्यात ईस्ट इंडिया कंपनी शेतकऱ्यांकडून अफू पिकवून घ्यायची, तिची मक्तेदारी होती, आणि कलकत्त्यात लिलाव करायची. पण चीनमध्ये अफूला बंदी, मग कंपनीने स्वतःच्या जहाजातून ती नेली तर कँटनचा चहाचा परवाना धोक्यात. म्हणून कंपनी म्हणायची, आम्ही बाबा लिलाव केला, पुढे कोण कुठे नेतो आम्हाला काय माहीत. माल नेणारे खासगी व्यापारी. ते चीनच्या किनाऱ्याजवळ चोरून माल विकायचे, चांदी घ्यायचे, ती चांदी कँटनला कंपनीच्या खजिन्यात भरायचे आणि बदल्यात लंडनची हुंडी घ्यायचे. त्याच चांदीतून कंपनी चहा घ्यायची. बघा, कंपनीचे हात स्वच्छ, चहा मिळाला, चांदी घरातून गेली नाही, आणि व्यसन लागलं ते दुसऱ्याच्या देशात. १८२० च्या आसपास वर्षाला चार-पाच हजार पेट्या जायच्या, १८३८ पर्यंत तो आकडा तीस हजारांच्या पुढे गेला. एक पेटी म्हणजे साधारण साठ-पासष्ट किलो. आता चांदी उलटी वाहायला लागली, चीनमधून बाहेर.

यात आपली मुंबई कुठे? माळव्यात कंपनीची मक्तेदारी चालत नव्हती, तिथे संस्थानं. शेतकरी पिकवायचा, मारवाडी-गुजराती सावकार पैसा लावायचे, माल पश्चिम किनाऱ्याकडे यायचा. कंपनीने अडवायचा प्रयत्न केला तर व्यापारी हुशार, त्यांनी माल राजस्थानातून कराचीला आणि तिथून समुद्राने पोर्तुगीजांच्या दमणला न्यायला सुरुवात केली, कारण दमणला इंग्रजांचा कायदा लागूच नाही. या दमणच्या वाटेवर रोजेरिओ द फारिया नावाचा गोव्याचा माणूस मोठा व्यापारी होता. शेवटी कंपनीने हात टेकले आणि १८३० च्या आसपास सांगितलं, बरं बाबांनो, मुंबईतूनच न्या, फक्त पेटीमागे पास काढा, पैसे भरा. हा पास १८३५ ला १२५ रुपये होता. पुढे १८४३ ला इंग्रजांनी सिंध गिळला, कराचीची वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत तोच पास ४०० रुपयांवर गेला. सिंध काय फक्त अफूसाठी घेतला असं मी म्हणत नाही, त्याला बाकीही कारणं होती, पण पासाचा रेट बघितला की कोणाचा फायदा झाला ते कळतं.

मुंबईचा या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. हो, तेच, जे. जे. हॉस्पिटलवाले. त्यांच्या पेढीत मोतीचंद अमीचंद हे जैन शेठ आणि मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान भागीदार होते, म्हणजे धंद्यात जातधर्म काही आड येत नव्हता. १८०५ साली तरुण जमशेटजी 'ब्रन्सविक' नावाच्या जहाजाने चीनला निघाले होते, ते जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. संकटात झालेली ओळख आयुष्यभर टिकली. हा जार्डिन पुढे डॉक्टरकी सोडून अफूत उतरला, आणि १८३२ ला जेम्स मॅथेसनबरोबर त्याने जी 'जार्डिन मॅथेसन' कंपनी काढली ती कँटनमधली सगळ्यात बलाढ्य पेढी झाली. मुंबईहून माल पाठवणारे जमशेटजी, तिकडे विकणारा जार्डिन.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट नीट बघा, कारण "कंपन्याच सगळं चालवतात" या थिअरीला इथेच भोक पडतं. १८३४ ला ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी संपली आणि मैदान खासगी पेढ्यांना मोकळं झालं. त्यांना पाहिजे होती जास्त बंदरं, कमी निर्बंध, आणि मागे ब्रिटिश आरमाराचा धाक. मॅथेसन स्वतः लंडनला गेला, १८३५-३६ मध्ये, पुस्तिका छापली, मँचेस्टरच्या कापडवाल्यांना बरोबर घेतलं, परराष्ट्र खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. कँटनमध्ये यांचं स्वतःचं वर्तमानपत्रही होतं, 'कँटन रजिस्टर', त्यात सतत तेच तुणतुणं. आणि झालं काय? काही नाही. हात हलवत परत. सरकारला चीनशी भांडण नको होतं, चहाचा महसूल नीट येतोय ना, मग कशाला उगाच विकतचं दुखणं.

म्हणजे तीच माणसं, तीच मागणी, तोच पैसा, तरी १८३६ ला नाही म्हणणारं सरकार १८३९ ला युद्धाला तयार झालं. मधे असं काय घडलं?

मधे लिन झेशू आला. चीनच्या बादशहाने या कडक अधिकाऱ्याला अफू बंद करायला कँटनला पाठवलं, मार्च १८३९. हा माणूस लाच खाणारा नव्हता, हीच व्यापाऱ्यांची पंचाईत. त्याने परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती वेढली, नोकरचाकर काढून घेतले, आणि सांगितलं सगळी अफू हवाली करा, मग सोडतो. साडेतीनशेच्या आसपास परदेशी लोक आत अडकले. त्यांच्यात इंग्रज सरकारचा अधिकारी होता कॅप्टन चार्ल्स एलियट. गंमत म्हणजे या एलियटला अफूच्या धंद्याची मनापासून चीड होती, तो धंद्याला कलंक मानायचा. पण लोकांचे जीव वाचवायचे म्हणून २७ मार्चला त्याने फर्मान काढलं की सगळ्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपला माल माझ्याकडे द्यावा, राणीच्या सरकारच्या वतीने मी तो ताब्यात घेतो, आणि भरपाईची जबाबदारी सरकारची.

झालं. या एका वाक्यात सगळं आलं. आत्तापर्यंत ती काही चोरट्या व्यापाऱ्यांची अफू होती, चीनच्या कायद्याने जप्त झाली असती तर त्यांचं नशीब. आता ती इंग्लंडच्या राणीची अफू झाली. आणि चीनने जप्त केली ती कुणा जार्डिनची नाही, राणीची मालमत्ता. व्यापारी तर मनात खूश झाले असणार, कारण लिनच्या धाकामुळे गेले काही महिने गिऱ्हाईकच नव्हतं, भाव कोसळलेले, माल जहाजात पडून. अशा वेळी सरकार येऊन म्हणतं सगळा स्टॉक मी उचलतो, यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार. २०,२८३ पेट्या हवाली झाल्या. त्यात हिंदुस्तानी व्यापाऱ्यांचा, मुंबईच्या पारशी पेढ्यांचा मालही भरपूर. लिनने जूनमध्ये हुमेनला मोठमोठे हौद खणून त्यात मीठ आणि चुना घालून ती सगळी अफू नासवली आणि समुद्रात सोडली, तीन आठवडे काम चाललं होतं.

आता लंडनला जे पोचलं ते म्हणजे एक बिल, वीस लाख पौंडांच्या वरचं. पंतप्रधान मेलबर्नचं सरकार आधीच डळमळीत, तिजोरीत खडखडाट, आणि पार्लमेंटला जाऊन सांगणार काय, की स्मगलरांना भरपाई द्यायची आहे, पैसे मंजूर करा? कोणी केले असते? आणि नाही दिले तर स्वतःच्या अधिकाऱ्याने राणीच्या नावाने दिलेला शब्द मोडला. मग तिसरा मार्ग उरतो, बिल चीनकडून वसूल करा. आणि चीन काय सहजासहजी देणार नाही, म्हणजे आरमार पाठवा.

हे सुचवायला माणूस तयारच बसला होता. जार्डिन जानेवारी १८३९ ला, म्हणजे हा राडा व्हायच्या आधीच, कँटन सोडून इंग्लंडला निघालेला. सप्टेंबरला तो लंडनमध्ये. कँटनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढलेली, वकील करा, पेपरात छापून आणा, काय लागेल ते. जार्डिनचा लंडनमधला माणूस जॉन एबल स्मिथ हा बँकर आणि वर खासदारही, त्याने परराष्ट्रमंत्री पामर्स्टनची भेट घालून दिली. आणि जार्डिन रिकाम्या हाताने गेला नाही हे महत्त्वाचं. तो गेला नकाशे घेऊन. कुठलं बंदर अडवायचं, किती जहाजं लागतील, किती सैनिक, नंतर तहात काय काय मागायचं, सगळं कागदावर. १ ऑक्टोबर १८३९ ला मंत्रिमंडळाने आरमार पाठवायचं ठरवलं.

मला विचाराल तर पैशापेक्षा हे नकाशे जास्त कामाला आले. लोक लॉबिंग म्हटलं की पाकिटं डोळ्यासमोर आणतात. पण विचार करा, लंडनमध्ये बसलेल्या पामर्स्टनला चीनच्या किनाऱ्याबद्दल काय माहीत होतं? ज्यांना माहीत होतं ते सगळे तिथे धंदा करणारे. म्हणजे सरकारला दूरचा देश दिसणार तो व्यापाऱ्याच्याच चष्म्यातून, दुसरा चष्मा दुकानात नाहीच. माहिती देणारा खोटं बोलतोय असंही नाही, तो खरंच सांगतो, फक्त कुठलं खरं सांगायचं ते तो ठरवतो. १८४२ ला युद्ध जिंकल्यावर पामर्स्टनने (तेव्हा तो मंत्री नव्हता, सरकार बदललं होतं) स्मिथला पत्र लिहून हे मोकळेपणाने कबूलच केलंय, की तुम्ही आणि जार्डिनसाहेबांनी जी माहिती आणि मदत दिली मुख्यतः तिच्यामुळेच आम्हाला आरमाराला आणि वकिलातीला एवढे तपशीलवार हुकूम देता आले. असा कागद फार क्वचित हाती लागतो, बहुतेक वेळा असल्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर होतात आणि तिथेच विरतात.

पण नुसतं बिल आणि नकाशा यावर लोकशाहीत युद्ध विकता येत नाही, त्याला वर वेष्टन लागतं. एप्रिल १८४० ला पार्लमेंटमध्ये विरोधकांनी सरकारवर ठपका ठेवणारा ठराव आणला. सरकारच्या बाजूने उभा राहिला मेकॉले. हो, तोच आपला इंग्रजी शिक्षणवाला मेकॉले, तेव्हा तो युद्धखात्याचा मंत्री होता. त्याने अफूचं नाव शक्य तेवढं टाळलं आणि बोलला झेंड्याबद्दल, कँटनमध्ये वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांना आपला झेंडा फडकताना बघून कसा धीर आला वगैरे. त्याला उत्तर दिलं विरोधी पक्षातल्या तिशीतल्या ग्लॅडस्टनने, की बाबा हा झेंडा जर चोरट्या मालाच्या रक्षणासाठी फडकत असेल तर तो बघून आम्हाला शरमच वाटेल. ग्लॅडस्टनच्या घरात अफूचं दुःख होतं, त्याची बहीण त्या व्यसनात अडकलेली, त्यामुळे तो नुसता पुस्तकी बोलत नव्हता. मतं पडली, २६२ विरुद्ध २७१. नऊ मतांनी सरकार वाचलं आणि युद्ध चालू राहिलं. नऊ! म्हणजे तेव्हाही अर्ध्या पार्लमेंटला हे काय चाललंय ते कळत होतं.

तहात चीनने २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर द्यायचे ठरले. त्याचा हिशोब बघा, ६० लाख अफूची भरपाई, ३० लाख कँटनच्या चिनी व्यापाऱ्यांकडची थकबाकी, आणि १ कोटी २० लाख युद्धाचा खर्च. म्हणजे ज्याला मारलं त्याच्याकडूनच काठीचे पैसे घेतले. वर हाँगकाँग आणि पाच बंदरं, त्यात शांघाय. आणि व्यापाऱ्यांना किती मिळाले? मागितले होते त्यापेक्षा बरेच कमी, त्यावरून ते पुढे कुरकुरत राहिले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही अर्ज-विनंत्या केल्या होत्या, मधली तीन-चार वर्षं काही पेढ्यांची हालत खराब झाली. आणि तहात अफूला कायदेशीर मान्यता तर मिळालीच नाही, ती पुढे दुसऱ्या युद्धात, १८५८ ला मिळाली.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. व्यापाऱ्याने सरकारला ओढलं खरं, पण एकदा आरमार निघालं की सरकारने स्वतःचं दुकान मांडलं. बेट घेतलं, बंदरं घेतली, व्यापाऱ्याच्या ताटात मात्र उरलंसुरलं वाढलं. तरी जार्डिनचं काही वाईट झालं नाही, १८४१ ला तो खासदार झाला, १८४३ ला वारला तर त्याच जागेवर मॅथेसन निवडून आला, आणि मॅथेसनने पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधलं लुईस नावाचं अख्खं बेट विकत घेतलं. जमशेटजींना १८४२ ला सर ही पदवी मिळाली, १८५७ ला ते बॅरोनेट झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. जे. जे. हॉस्पिटल १८४५ चं, माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी अवाबाईंनी दिलेल्या १ लाख ५७ हजार रुपयांतून झाला. त्यांची दानत खरीच मोठी, मी त्यांना नावं ठेवायला बसलेलो नाही, माझ्या घरातलीच दोन माणसं जेजेत बरी होऊन आलीत. पण पैसा कुठल्या वाटेने मुंबईत आला हे माहीत असायला काय हरकत आहे.

आता कोणी म्हणेल ही जुन्या साम्राज्यांची गोष्ट, आता कुठे असं. तर मधलं एक उदाहरण पटकन सांगतो. ग्वाटेमालाच्या सरकारने १९५२ ला जमीन सुधारणेचा कायदा केला आणि युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीची पडीक जमीन घेतली. भरपाई किती, तर कंपनीने टॅक्स भरताना जमिनीची जेवढी किंमत दाखवली होती तेवढीच, ६ लाख २७ हजार डॉलरच्या आसपास. बोंबला! टॅक्स वाचवायला कमी किंमत दाखवली तीच अंगाशी आली. (आपल्याकडे फ्लॅटची रजिस्ट्री करताना हे दुःख कोणाला समजावून सांगायला नको.) मग १ कोटी ५८ लाख डॉलरची मागणी आली, आणि ती कोणाकडून आली बघा, कंपनीकडून नाही, थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि सीआयएचे प्रमुख त्यांचे भाऊ ॲलन डलेस, दोघंही आधी ज्या वकिली फर्ममध्ये होते तिने युनायटेड फ्रूटचं काम केलेलं. जून १९५४ ला सीआयएने तिथलं निवडून आलेलं सरकार पाडलं. आता हे केळ्यांसाठी की कम्युनिस्टांच्या भीतीने यावर इतिहासकार आजही भांडतात, आणि भीती खोटी नव्हती असं म्हणायला जागा आहे, कारण सरकार पाडल्यावर महिनाभरातच त्याच अमेरिकन सरकारने युनायटेड फ्रूटवर मक्तेदारीचा खटला भरला. म्हणजे कंपनी सरकारची मालक होती असं म्हणता येत नाही. पण बिल सरकारने उचललं होतं एवढं नक्की.

आणि आता आपल्या अंगणातलं. एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी. चाळिशीच्या पुढच्या कोणालाही हे नाव सांगितलं की चेहऱ्यावर काहीतरी उमटतंच. दाभोळचा प्रकल्प म्हणतात पण तो दाभोळला नाहीच, वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. १९९२ ला सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ ला वीज मंडळाबरोबर खरेदी करार. एन्रॉन ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल दहा-दहा टक्के. जागतिक बँकेने १९९३ लाच सांगितलं होतं की वीज महाग पडेल, आम्ही पैसा देणार नाही. तरी झाला. करारात मेख अशी की वीज घ्या नाहीतर घेऊ नका, ठराविक पैसे द्यायचेच, आणि हिशोब डॉलरशी बांधलेला. १९९५ ला एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की प्रकल्प उभा करण्याच्या आणि लोकांना 'शिक्षित' करण्याच्या कामावर आम्ही साधारण २ कोटी डॉलर खर्च केले. हे शिक्षण नेमकं कोणी कोणी घेतलं यावर महाराष्ट्रात तेव्हा जे विनोद झाले ते इथे नको.

आता बिल कुठे फाटलं ते बघा, एकदा नाही, दोन्हीकडे फाटलं. भारतात वीज मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने हात वर केले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. अमेरिकेत ओपिक नावाची सरकारी संस्था होती, परदेशात गुंतवणूक करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना कर्ज आणि राजकीय जोखमीचा विमा देणारी. तिने आणि अमेरिकेच्या एक्झिम या सरकारी बँकेने मिळून दाभोळमध्ये शेकडो मिलियन डॉलर अडकवले होते. म्हणजे गुहागरातला प्रकल्प बुडाला तर टेक्सासच्या एका कंपनीबरोबर अमेरिकन करदाताही बुडणार. एलियटने १८३९ ला जे वेढ्यात घाईघाईत केलं ते इथे आधीच, वकिलांकडून, स्टॅम्प पेपरवर, शांतपणे करून ठेवलेलं.

त्यामुळे १९९५ ला युतीचं सरकार आलं, एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणत आलं, तेव्हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जूनमध्येच जाहीर इशारा दिला की हा करार मोडलात तर भारतातल्या बाकीच्या खासगी वीज प्रकल्पांच्या पैशावरही परिणाम होईल. ऑगस्टला करार रद्द झाला, मग वाटाघाटी झाल्या, आणि काही महिन्यांत तोच प्रकल्प आणखी मोठा होऊन परत वर आला. त्या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर १९९७ ला निवृत्त झाल्यावर एन्रॉनच्याच एका कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यात बेकायदा काही नाही. पण राजदूताच्या खुर्चीतून कंपनीच्या खुर्चीपर्यंतचं अंतर किती कमी आहे ते दिसतं, जार्डिनला कँटनमधून लंडनपर्यंत जायलाच कित्येक महिने लागले होते.

१९९९ ला वीज सुरू झाली, २००० मध्ये युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला, मंडळाचे डोळे पांढरे झाले, पैसे थकले, मे २००१ ला प्रकल्प बंद. मग वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने दाभोळसाठी चक्क एक वेगळा गट बनवला. सुरक्षा परिषद म्हणजे अण्वस्त्रं, दहशतवाद असले विषय बघणारी, ती बघत होती गुहागरच्या विजेची थकबाकी. जून २००१ ला सोनिया गांधी अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्या विरोधी पक्षनेत्या, तर उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्यापुढेही दाभोळचा विषय काढला. नोव्हेंबरमध्ये वाजपेयी अध्यक्ष बुश यांना भेटणार होते, त्या बैठकीत बुश काय बोलणार त्याच्या टिपणात दाभोळ होतं.

पण तोवर दोन गोष्टी झाल्या. ११ सप्टेंबर होऊन गेलं, अमेरिकेला आता भारताची गरज वेगळ्याच कामासाठी होती. आणि ८ नोव्हेंबरला, म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी, एन्रॉनने कबूल केलं की गेल्या काही वर्षांचे नफ्याचे आकडे चुकीचे होते. त्याच दिवशी सरकारी अधिकाऱ्यांमध्ये ईमेल फिरली की अध्यक्ष दाभोळबद्दल बोलू शकत नाहीत. विषय कागदावरून खोडला गेला. २ डिसेंबरला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

एन्रॉन गेली, ती बाई गेली, ते २ कोटी डॉलरचं शिक्षण गेलं. २००५ मध्ये प्रकल्प एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या नव्या कंपनीकडे आला, रत्नागिरी गॅस अँड पॉवर. पण त्याआधी ओपिकचं बिल वहीत होतंच, आणि एन्रॉन बुडून तीन वर्षं होत आली तेव्हा, नोव्हेंबर २००४ ला, अमेरिकेच्या सरकारने भारत सरकारविरुद्ध लवादाचा दावा लावला. कंपनी जागेवर नव्हती, वसुलीला सरकार आलं होतं. तो दावा पुढच्या वर्षी तडजोडीत मिटला.